ईश्वर, श्रद्धा आणि चंकी सुत्त

श्रद्धा हीच ईश्वराच्या अस्तित्वाची साक्ष होय, हे प्रतिपादन आपल्याकडे कीर्तनापासून विद्यापीठीय व्याख्यानापर्यंत सर्वत्र ऐकू येते. त्याला एक पुरवणीही जोडलेली असते. कशावर तरी श्रद्धा ठेवल्यावाचून कोणाचेच चालत नाही. बौद्धही तथागतांवर सद्धा ठेवतातच. मग ईश्वरभक्तानेच काय अपराध केला? गेल्या वर्षावासात कन्नडजवळच्या एका विहारात हाच प्रश्न एका महाविद्यालयीन तरुणाने आम्हास विचारला. आम्ही काही बोलण्यापूर्वीच एका ज्येष्ठ उपासकांनी त्यास उत्तर दिले, "देव नाही असे बाबासाहेबांनी सांगितले आहे. विषय संपला." तरुण खाली बसला. आमचे मात्र समाधान झाले नाही. त्या उत्तराचा निष्कर्ष आम्हास मान्य आहे. परंतु त्याची रीत ईश्वरवाद्याचीच होती.

या प्रश्नाचा विचार करताना आपण बहुधा कालाम सुत्ताचा आधार घेतो. ते अनेकांना मुखोद्गत असते. मज्झिम निकायातील चंकी सुत्त त्या मानाने फारसे वाचले जात नाही. वस्तुतः श्रद्धेच्या प्रामाण्याचा विचार तेथे अधिक काटेकोरपणे आलेला आहे. ओपासाद नावाच्या ब्राह्मणग्रामी सोळा वर्षांचा कापटिक हा वेदपारंगत माणवक ज्येष्ठांच्या संभाषणात वारंवार मध्येच बोलत असतो. प्राचीन मंत्रांविषयी, 'हेच सत्य, अन्य सर्व मिथ्या' असा जो ब्राह्मणांचा दृढ निष्कर्ष आहे, त्याविषयी आपले काय मत, असे तो तथागतांना विचारतो. तथागत उलट विचारतात: 'हे मी जाणतो, हे मी पाहतो' असे म्हणू शकेल असा एक तरी ब्राह्मण, त्याचा आचार्य, सात पिढ्यांतील कोणी गुरू अथवा मंत्रकर्त्या ऋषींपैकी कोणी आहे काय? उत्तर नकारार्थी येते. तेव्हा आंधळ्यांच्या रांगेचा, अंधवेणीचा, दृष्टांत येतो आणि त्याबरोबरच एक पारिभाषिक शब्द येतो: अमूलिका सद्धा, म्हणजे जिला मूळ नाही अशी श्रद्धा.

सुत्त येथेच थांबले असते तर ते एक खंडन ठरले असते. परंतु पुढील विवेचन अधिक मोलाचे आहे. श्रद्धा, रुची, परंपरेने ऐकलेले, कारणांचा विचार आणि चिंतनाअंती पटलेले मत या पाचही गोष्टींचा विपाक दुहेरी असतो, असे तथागत म्हणतात. ज्यावर उत्तम श्रद्धा आहे ते खोटे निघू शकते. ज्यावर श्रद्धा नाही ते खरे ठरू शकते. ईश्वरावरील श्रद्धेचा प्रश्न आमच्या मते या एका विधानाने निकालात निघतो. श्रद्धेची तीव्रता हा श्रद्धाविषयाच्या सत्यतेचा पुरावा होत नाही, कारण तितक्याच तीव्रतेने मनुष्य परस्परविरोधी गोष्टींवर श्रद्धा ठेवू शकतो व ठेवतोही. परंतु वाचकांनी यादी पुन्हा पाहावी. तिच्यात केवळ श्रद्धा नाही, तर्कही आहे. आपल्या विवेकनिष्ठ मित्रांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

मग श्रद्धावानाने काय करावे? 'ही माझी श्रद्धा आहे' एवढेच म्हणावे. 'हेच सत्य, अन्य मिथ्या' या निष्कर्षावर उडी घेऊ नये. यास सुत्तात सच्चानुरक्खणा, सत्याचे रक्षण, असे नाव आहे. महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांवर जो प्रदीर्घ वाद झाला, त्यात ही तिसरी भूमिका क्वचितच कोणी मांडली. डॉ. श्रीराम लागू श्रद्धामात्रास अंधश्रद्धा मानीत, डॉ. नरेंद्र दाभोलकर विवेकाने पारखलेल्या श्रद्धेस जागा ठेवीत व देवाधर्माशी चळवळीचे भांडण नाही असे सांगत. दोघेही एकाच व्यासपीठावरून ही भिन्न मते मांडीत, हे त्या वादाचे भूषणच. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमवावे लागले, तेव्हा येथे अशा चर्चेची किंमत काय असू शकते हे सर्वांना कळले. तथापि त्या वादात 'श्रद्धा' हा एकच मराठी शब्द अनेक कामांस जुंपला गेला, असे आम्हास वाटते.

पालि 'सद्धा' चे 'श्रद्धा' असे भाषांतर ध्वनिदृष्ट्या निर्दोष आहे, अर्थदृष्ट्या मात्र धोक्याचे. मज्झिम निकायाच्याच वीमंसक सुत्तात खुद्द तथागतांचे परीक्षण कसे करावे हे सांगून, त्यातून येणाऱ्या सद्धेस आकारवती, म्हणजे सकारण, आणि दस्सनमूलिका, म्हणजे दर्शनात मूळ असलेली, असे म्हटले आहे. अमूलिका व दस्सनमूलिका हे शब्द शेजारी ठेवले म्हणजे आरंभीच्या प्रश्नातील पुरवणी गळून पडते. बौद्धाची सद्धा वैद्यावरील विश्वासासारखी आहे. औषध घेऊन पाहता येते. जगत्कर्त्यावरील श्रद्धेत घेऊन पाहण्यासारखे काय आहे?

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास धम्माचा भाग नाही, याची स्वतंत्र चर्चा आहे आणि वासेट्ठ व भारद्वाज यांचा तेविज्ज सुत्तातील संवादही आहे. त्यांचा भर सुत्ताच्या पूर्वार्धावर, न पाहिलेल्या ब्रह्म्याकडे जाण्याचा मार्ग सांगणाऱ्यांच्या परीक्षणावर, आहे. उत्तरार्धात त्याच तरुणांना तथागत मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची भावना शिकवितात. तोही भाग अभ्यासकांनी वाचावा. मात्र त्याच ग्रंथात धर्मग्रंथ प्रमादातीत आहेत ही समजूतही अधम्मात गणली आहे. 'बाबासाहेबांनी सांगितले, विषय संपला' असे म्हणणाऱ्याने हे प्रकरण वाचलेले नसते. ज्यांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले व त्यास पुढे नागसेनाला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या राजाचे नाव दिले, त्यांना प्रश्न संपविणारे अनुयायी रुचले असते काय?

बावीस प्रतिज्ञांचेही व्याकरण पाहण्यासारखे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास दिलेल्या प्रतिज्ञांतील पहिलीत विश्वाविषयीचे विधान नाही. तिचे क्रियापद प्रथमपुरुषी, भविष्यकाळी व नकारार्थी आहे. तो मानण्या-न मानण्याविषयीचा, उपासनेविषयीचा निश्चय आहे. काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर १९३० पासून काही वर्षे झिजलेल्या समाजाने केलेला तो निश्चय होता. त्याचे मूळ पाहिलेल्या, सोसलेल्या गोष्टींत आहे. त्याचा जप केला, तर ते मूळ आपणच तोडतो.

कन्नड तालुक्यातच पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील स्तंभांवरील व भिंतींवरील लेखांत पैठणच्या गंधिक कुळातील मितदेव, राजवैद्य मगिल अशी नावे आणि 'दान' हा शब्द वाचावयास मिळतो. कर्त्या-करवित्याकडे मागणे नाही. तेथेच सापडलेल्या यक्षमूर्तीवर कण्हदास सुवर्णकाराचे नाव आहे, हेही सांगितले पाहिजे. लोकांचे यक्ष धम्माने दारापर्यंत येऊ दिले. परंतु त्यांना विश्वाचे कर्ते केले नाही.

पुढील पौर्णिमेस आम्ही त्या तरुणाबरोबर चंकी सुत्त वाचले. वाचून झाल्यावर त्याने विचारले, "सर, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याची लोभ, द्वेष, मोह या बाबतीत आधी परीक्षा करा असे यात आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची परीक्षा आम्ही कशी करणार?" आम्ही त्यास मूळ उतारा पुन्हा वाचावयास सांगितला. तेथे परीक्षा सांगितली आहे ती गावाच्या आश्रयाने राहणाऱ्या भिक्षूची: न जाणता 'जाणतो' असे हा लोभापायी म्हणेल काय, हे पाहावयाचे असते. त्याने उतारा वाचला, समोर बसलेल्या आम्हा सर्वांकडे पाहिले आणि ज्येष्ठ उपासकांना विचारले, "मग तुमच्यापासून सुरुवात करू का, काका?"