उतावीळ कोण? : 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील काळ आणि निर्णय

शेक्सपिअरची 'रोमिओ अँड ज्युलिएट' ही शोकात्मिका तरुण प्रेमिकांच्या उतावीळपणाची कहाणी म्हणून वाचण्याचा प्रघात जुना आहे. पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी विवाह, क्रोधाच्या भरात झालेला टिबॉल्टचा वध, अपुऱ्या वार्तेवरून केलेले विषप्राशन ही घटनामालिका पाहता हे वाचन निराधार म्हणता येत नाही. मात्र त्यामुळे नाटकाची बोधकथा होते आणि विनाशाचे उत्तरदायित्व कोणाचे, हा शोकात्मिकेचा कळीचा प्रश्न न तपासताच निकालात निघतो.

ही बोधकथा शेक्सपिअरच्या आधीची आहे. त्याचा मुख्य आधार असलेल्या आर्थर ब्रुकच्या दीर्घकाव्याला (१५६२) जोडलेल्या निवेदनात वडीलधाऱ्यांचा सल्ला अव्हेरल्याबद्दल प्रेमिकांना दोष दिलेला आहे. गंमत अशी की, ब्रुकच्या काव्यातील कथानक सुमारे नऊ महिने चालते. विवाहानंतरही प्रेमिक काही काळ गुप्तपणे भेटत राहतात. शेक्सपिअरने हा काळ रविवार ते शुक्रवारची पहाट एवढा आवळला, ज्युलिएटचे वय सोळाच्या आसपास होते ते चौदाच्या आत आणले. पण ब्रुकचा उपदेश स्वीकारला नाही. घाई वाढली आणि दोषारोप मात्र गळाला. या दोन बदलांची संगती लावल्याखेरीज नाटकाचा अर्थ हाती लागत नाही.

ही संगती नाटकातील काळाच्या रचनेत सापडते. घाई येथे प्रेमिकांचा स्वभावविशेष नसून व्हेरोनाच्या जगण्याचीच लय आहे. रोमिओला सबुरीचा उपदेश करणारा धर्मगुरू लॉरेन्स त्याच दिवशी गुप्त विवाह लावून देतो. कन्या अजून लहान आहे असे प्रारंभी म्हणणारा कॅप्युलेट सोमवारी रात्री पॅरिसला गुरुवारचा मुहूर्त देतो आणि मंगळवारी, ज्युलिएट नमली या आनंदात, तो बुधवारवर आणतो. त्यामुळे ज्युलिएटला औषध एक रात्र आधीच घ्यावे लागते. त्या औषधाचा अंमल ४२ तासांचा आहे. मँटुआला निघालेला पत्रवाहक साथीच्या संशयाने अडकून पडतो. नवे पत्र धाडण्यास जो दिवस मिळू शकला असता, तो पित्याच्या उत्साहाने आधीच हिरावलेला असतो.

'तरुण प्रेमिक' असा सरसकट शब्दप्रयोग दोघांमधील भेदही झाकून टाकतो. रोमिओचे दोन निर्णय निःसंशय आवेगाचे आहेत. मर्क्युशिओच्या मृत्यूनंतर तो तलवार उपसतो. मँटुआत ज्युलिएटच्या मृत्यूची वार्ता येताच, सेवक धीर धरण्यास विनवीत असतानाही, विष मिळवितो. ज्युलिएटचे तसे नाही. सज्जातल्या प्रवेशात हे सारे फार आकस्मिक आहे, ही जाणीव तीच बोलून दाखविते. औषध घेण्यापूर्वी ते विष असेल का, थडग्यात अवेळी जाग आली तर काय, अशा शंका ती एकेक करून तपासते. तिचा निर्णय धाडसाचा आहे, अविचाराचा नव्हे. विचार करण्यास तिला अवधी दिला जात नाही, इतकेच.

यावर असा आक्षेप संभवतो की, दोष काळाकडे वळविला तर ही केवळ योगायोगाची शोकांतिका ठरेल आणि पात्रांची नैतिक जबाबदारीच संपुष्टात येईल. परंतु कॅप्युलेटचा बदललेला मुहूर्त हा योगायोग नव्हे. तो सत्ता हाती असलेल्याचा निर्णय आहे. लॉरेन्सचे मौन, तसेच थडग्याशी चाहूल लागताच ज्युलिएटला एकटी टाकून त्याने काढलेला पळ, हेही निर्णयच आहेत. जबाबदारी येथे नाहीशी होत नाही, ती विभागली जाते. अखेरीस राजा दोन्ही घराण्यांना दोष देतो आणि वैराकडे काणाडोळा केल्याबद्दल स्वतःलाही शिक्षेचा धनी मानतो, ते याच न्यायाने.

आवेग हे तारुण्याचे लक्षण असेल; त्याचे पर्यवसान मृत्यूत व्हावे ही मात्र तारुण्याची अटळ परिणती नव्हे. आपल्या चुका दुरुस्त करण्याइतका अवधी व्हेरोनातील वडीलधाऱ्यांना लाभतो, मुलांना लाभत नाही. या नाटकाची शोकात्मता त्या विषमतेत आहे.