‘प्रेस’ या शब्दाचीं भाषांतरें

अकोल्याच्या जठारपेठेंत कपडे ‘प्रेसला दिले’ म्हटलें, तर ते इस्तरीवाल्याकडे गेले हें लहान पोरालाहि कळतें. जिनांत सरकी निघालेली रुई ‘प्रेस’मध्यें गेली म्हणजे तिची गठाण बांधली जाणार, लग्नपत्रिका ‘प्रेस’मध्यें आहे म्हणजे ती छापली जात आहे, आणि दुचाकीवर ‘प्रेस’ हीं अक्षरें दिसलीं कीं स्वार बातमीदार आहे असें समजावें. (निदान आपण तसें समजावें अशी त्याची इच्छा असते!) या अर्थांचा घोटाळा बोलणाराच्या मनांत होत नाहीं. तो होतो भाषांतरकाराच्या लेखणींत.

मूळ अर्थ दाबण्याचा. पंधराव्या शतकाच्या मध्यास गुटेनबर्गनें योजिलेलें मुद्रणयंत्र द्राक्षें पिळण्याच्या दाबयंत्राच्या धर्तीवर होतें. त्या नात्यानें १७० किलोंची गठाण आवळणारें आमचें वऱ्हाडी यंत्र छापखान्याचें भावंडच ठरतें.

पुढें यंत्राचें नांव त्यावर छापलेल्या पत्रांना व तीं चालविणारांना मिळालें. आपल्याकडील जुन्या लेखकांनीं या अर्थीं ‘मुद्रणस्वातंत्र्य’ हा शब्द घेतला. यांत यंत्र आहे, पत्रकर्ता कोठेंच नाहीं, असा आक्षेप मी एके काळीं घेत असें. परंतु लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा देशी भाषांतील पत्रांविषयींचा कायदा पाहिला म्हणजे तो आक्षेप लटका पडतो. त्या कायद्यानें मुचलका मागितला तो मुद्रक व प्रकाशक यांच्याकडून, आणि जप्तीची भीति घातली ती छापखान्याच्या सामानाची. लेखकाशीं वाद घालण्यापेक्षां त्याचे खिळे उचलून नेणें सोपें! सरकारचा हातच यंत्रावर पडत असतां भाषांतरकारानेंहि यंत्रच धरलें, यांत त्याचें काय चुकलें?

आज मात्र तो शब्द अपुरा पडतो. बातमीदार आतां हातांतल्या फोनवरून बातमी धाडतो. तिला शाईचा स्पर्श होईलच असें नाहीं. संविधानाच्या १९ व्या कलमांत तर ‘प्रेस’ हा शब्दच नाहीं. तेथें भाषण व अभिव्यक्ति यांचें स्वातंत्र्य आहे, आणि पत्राच्या प्रसाराचें स्वातंत्र्य त्यांतच येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालीं रोमेश थापर यांच्या खटल्यांत दिला.

तेव्हां आजच्या लेखाच्या भाषांतरांत ‘मुद्रणस्वातंत्र्य’ लिहिणाराला मी दोष देईन. आणि जुना लेख पुन्हा छापतांना तोच शब्द खोडून ‘माध्यमस्वातंत्र्य’ करणाऱ्या संपादकाला त्याहून अधिक. इस्तरीवाल्याच्या दुकानाला ‘मुद्रणालय’ म्हटल्याचें मात्र अद्याप ऐकिवांत नाहीं.