चरित्र आणि चरित्र-अभिनय : ललिता पवार यांच्या भूमिकांचा विचार

मराठीत ‘चरित्र’ या शब्दाचा रूढ अर्थ जीवनवृत्तान्त असा आहे. ‘चरित्र-अभिनेता’ या संज्ञेतील ‘चरित्र’ मात्र पात्राच्या स्वभावविशेषाचे वाचक आहे. इंग्रजी संज्ञेच्या वळणाने हिंदी चित्रपटसृष्टीत घडलेली ही संज्ञा मराठीत आली आणि रुळली. ललिता पवार (१९१६-१९९८) यांच्याविषयीच्या लेखनात या दोन अर्थांची झालेली गल्लत केवळ शाब्दिक राहिलेली नाही. त्यांच्या अभिनयाचे विवेचन अपेक्षित असते तेथे बहुधा त्यांचे जीवनवृत्तच सांगितले जाते, आणि तेच विवेचन म्हणून स्वीकारले जाते.

हे वृत्त सर्वपरिचित आहे. येवल्यात जन्मलेली एक मुलगी मूकपटांच्या काळात पडद्यावर येते, बोलपटात नायिका होते, ‘दुनिया क्या है’ (१९३८) या चित्रपटाची निर्मितीही करते. १९४२ साली एका प्रसंगाच्या चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसते. चेहऱ्याला अर्धांगवायू होतो, डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहते. नायिकापद संपते आणि ‘खाष्ट सासू’ जन्माला येते. या कथनात कार्यकारणभाव इतका घट्ट बसवलेला आहे की, अभिनेत्रीच्या कर्तृत्वाला त्यात जागाच उरत नाही. आकुंचित डोळा म्हणजेच दुष्टत्व, असे समीकरण त्यात गृहीत धरलेले असते.

या समीकरणाची तपासणी भूमिकांच्या आधारेच करता येईल. व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मधील सासू आणि ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळीवाली गंगामाई या दोन भूमिकांत जेमतेम पाच वर्षांचे अंतर आहे. चेहरा तोच, डोळाही तोच. पहिल्या भूमिकेत जो डोळा हिशेब करतो, तोच दुसऱ्या भूमिकेत फुटपाथवरच्या उपऱ्या पोराला जोखतो आणि जवळ करतो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाड़ी’ (१९५९) मधील मिसेस डिसा तर रागावणे आणि माया करणे या दोन क्रिया एकाच वाक्यात उरकते. या भूमिकेसाठी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. म्हणजे व्यंग हे चिन्ह असले तरी त्याचा अर्थ स्थिर नाही. संहितेतील स्थान आणि अभिनेत्रीने केलेली योजना यांनुसार तो ठरतो. चिन्हमीमांसेतील हे प्राथमिक तत्त्व लोकप्रिय चित्रपटाच्या समीक्षेने मात्र सहसा उपयोगात आणलेले नाही.

वयाचा मुद्दाही असाच दुर्लक्षित आहे. ‘दहेज’च्या वेळी ललिता पवार चौतिशीच्या आसपास होत्या. ज्या राज कपूर यांना त्यांनी पडद्यावर मातृवत् माया दिली, त्यांच्याहून त्या केवळ आठ वर्षांनी मोठ्या होत्या. वार्धक्य ही त्यांच्यापुरती आहार्य आणि आंगिक अभिनयाने सिद्ध करण्याची गोष्ट होती. खांद्यांची ठेवण, पदर सावरण्याची लकब, शब्दावर मध्येच येणारा आघात यांतून ते उभे राहते. जीवनवृत्तावर विसंबणारी समीक्षा हे कमावलेले वार्धक्य निसर्गदत्त समजते.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली लोककथेतील पात्रांचा विचार त्यांच्या कार्यांच्या आधारे केला. खाष्ट सासू हे असेच एक कार्य आहे. जात्यावरच्या ओव्यांपासून कौटुंबिक चित्रपटांपर्यंत ते टिकून राहिले, याचे एक कारण वैचारिक आहे. हुंड्यासारख्या व्यवस्थेचा दोष एका स्त्रीच्या माथी मारला, की व्यवस्था स्वतः सुटते. ललिता पवार यांच्या अनेक भूमिका या सोयीच्या रचनेतल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांचा अभिनय या रचनेला पूर्णपणे शरण जात नाही. ‘प्रोफेसर’ (१९६२) मध्ये करड्या शिस्तीच्या पालक स्त्रीच्या मनात म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या शिक्षकाविषयी अभिलाषा जागी होते. चित्रपट तिला हसतो. अभिनेत्री हसत नाही. लाजण्यातली धांदल त्या इतक्या गांभीर्याने करतात की, हास्य ओसरल्यावर प्रेक्षकाला त्या स्त्रीचा एकाकीपणा जाणवू लागतो. कार्याचे पात्रात रूपांतर होते ते येथे.

‘रामायण’ या दूरदर्शन मालिकेतील (१९८७-८८) मंथरा हा या प्रवासाचा स्वाभाविक टप्पा होता. ‘रामशास्त्री’ (१९४४) मधील आनंदीबाईपासून त्यांच्या कारस्थानी स्त्रियांची परंपरा प्रेक्षकांच्या स्मृतीत साठली होती. त्यामुळे मंथरेच्या प्रवेशाबरोबरच जुन्या भूमिकांचे स्मरण जागे होत असे. आंतरसंहितात्मकतेचे याहून सुगम उदाहरण मिळणे कठीण. वाल्मीकींची मंथरा कैकेयीच्या माहेरून आलेली दासी आहे. तिच्या कुटिलतेमागे आपल्या बाईच्या भवितव्याची चिंता आहे. तुलसीदासांनी मात्र सरस्वतीने तिची बुद्धी फिरवली, असे सांगून तिची जबाबदारी हलकी केली. पडद्यावर प्रत्ययास येते ती वाल्मीकींची मंथरा. तिच्या स्वरात घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे आर्जव आहे, आणि म्हणूनच तिचा उपदेश कैकेयीला पटण्याजोगा वाटतो.

ललिता पवार यांना १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणजे औपचारिक मान्यता लाभली. तिला समांतर अशी समीक्षात्मक मान्यता मात्र लाभली नाही. नायक-नायिकांच्या अभिनयाची चिकित्सा व्हावी आणि पोटभूमिका करणाऱ्यांच्या वाट्याला फक्त आठवणी याव्यात, ही श्रेणीव्यवस्था मराठी समीक्षेने चित्रपटव्यवसायाकडून उसनी घेतली आहे. ललिता पवार यांचे चरित्र सांगून झालेले आहे. त्यांच्या चरित्र-अभिनयाचे वाचन, भूमिकेमागून भूमिका, अद्याप व्हावयाचे आहे.