अकरावे पान

दिवाळीच्या सुटीत घरोघरी पत्त्यांचा कॅट बाहेर निघतो. झब्बू होतो, बदामसात होते, मेंढीकोटाच्या एखाद्या हातावरून थोडी भांडाभांडीही होते; आणि फराळाच्या बशा उचलल्या गेल्या की कोणीतरी हळूच विचारते, ‘‘एक जादू दाखवू?’’ पूर्वी हा प्रश्न घरातला एखादा मामा करी. त्याच्यापाशी जादू एकच असे आणि ती तो वर्षानुवर्षे दाखवी. आता हा प्रश्न घरातले सर्वांत धाकटे मूल करते, आणि त्याच्यापाशी दहा जादू असतात. कारण त्याचा गुरू मोबाइलच्या पडद्यात राहतो. २००५ साली यूट्यूब सुरू झाले तेव्हापासून अशा शिकवणीच्या व्हिडिओंचा एवढा सुकाळ झाला आहे की त्यांना एक स्वतंत्र रचनाप्रकार म्हणावयास हरकत नसावी. त्याला आरंभ-मध्य-शेवट आहे, त्याचे ठरीव संकेत आहेत, त्यांत सरस-नीरस आहे. मात्र त्याचे परीक्षण करावे असे कोणाला वाटलेले दिसत नाही. गाण्याच्या तबकड्यांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, पाकपुस्तकांचेही होते. मग ह्यांनीच काय पाप केले?

ह्या प्रकारची घडण मोठी चमत्कारिक आहे. आधी शिक्षक ती जादू करून दाखवितो आणि लगेच म्हणतो, आता हे कसे केले ते पाहू. रहस्यकथेत उलगडा झाला की पुस्तक मिटते. येथे उलगडा झाल्यावर खरी कथा सुरू होते. कारण वाचकालाच आता गुन्हेगाराची भूमिका वठवावयाची असते. दोन मिनिटांपूर्वी ज्याने आ वासला तोच आता ‘‘हात्तिच्या, एवढेच?’’ असे म्हणत असतो. माझ्या मते ह्या ‘एवढेच?’च्या क्षणी व्हिडिओची परीक्षा होते. सामान्य शिक्षक त्या निराशेला घाबरतो आणि ‘किती सोपे आहे पाहा’ म्हणत पुढे पळतो. चांगला शिक्षक तिथेच थांबतो. युक्ती एवढीशी आहे म्हणूनच करणाऱ्यावर केवढे काम येऊन पडते, ते तो दाखवितो.

उदाहरण म्हणून आपल्या सर्वांच्या ओळखीची एकवीस पानांची जादू घेऊ. हिचे गुपित फोडल्याचे पाप मला लागणार नाही, कारण ते घरोघरी फुटलेलेच आहे. एकवीस पाने उघडी करून तीन उभ्या रांगांत, सात-सात, एकेक करून आडवी वाटावयाची. प्रेक्षकाने मनात एक पान धरून फक्त रांग सांगावयाची. ती रांग इतर दोन रांगांच्या मध्ये घालून पाने गोळा करावयाची आणि पुन्हा वाटावयाची. असे तीनदा केले की मनातले पान बरोबर अकरावे येते; मोजणी वरून करा की खालून करा. ना पिसण्यात चलाखी, ना बोटांत. ह्या जादूचे वीस-बावीस व्हिडिओ मी ओळीने पाहिले. सगळ्यांत कृती बिनचूक सांगितलेली आहे. पण एकोणचाळीस सेकंदांत जे सांगून होते त्यावर दहा मिनिटे काढावयाची, म्हणून मधल्या वेळात कॅटचा ब्रँड, टेबलावरची मखमल आणि ‘आवडले तर कळवा’ ह्यांची भर असते.

शेवटी पान काढावयाचे कसे? इंग्रजी व्हिडिओंतला नेहमीचा उपाय असा, की ‘अब्राकाडाब्रा’ ह्या शब्दाचे स्पेलिंग म्हणावयाचे आणि प्रत्येक अक्षराला एक पान टाकावयाचे. रोमन लिपीत त्या शब्दाची अक्षरे भरतात अकरा. युक्ती सुरेख आहे, ह्यात शंका नाही. माझा दहा वर्षांचा भाचा हीच जादू मागल्या दिवाळीत आमच्या ऐंशी ओलांडलेल्या मावशीला दाखवीत होता. पाने त्याने झकास वाटली. पण तोंडाने जे चालले होते ते सगळे त्या पडद्यातल्या गुरूचे. ‘पिक अ कार्ड, एनी कार्ड’ पासून ते थेट खांदे उडविण्यापर्यंत. शेवटी स्पेलिंग सुरू झाले. ए, बी, आर, ए... मावशी म्हणाली, ‘‘अरे बाळा, ए बी नंतर सी येतो ना रे?’’ पान बरोबर निघाले, सर्वांनी टाळ्याही दिल्या. पण मावशीच्या दृष्टीने त्या मुलाने काहीतरी पाढे म्हटले आणि एक पान उलटे केले, एवढेच घडले होते.

भाच्याला ह्यात दोष देता येणार नाही. व्हिडिओने त्याला हात शिकविले आणि सोबत तोंडही देऊन टाकले. जादूत हात एकवेळ उसने घेता येतात. तोंड मात्र आपले आणि समोरच्या माणसाच्या ओळखीचे असावे लागते. मराठीत ‘अब्राकाडाब्रा’ म्हणून पाने टाकू लागलो तर अ-ब्रा-का-डा-ब्रा अशी अक्षरे होतात पाच, आणि सहा पाने आधीच भलत्याचेच पान हाती येते. म्हणजे हा मंत्र भाषांतरात नुसता बेचव होत नाही, सरळ निकामीच होतो. मी अकरा अक्षरांचे काही मराठी सापडते का म्हणून बोटे मोजू लागलो. दूर जावे लागले नाही. दी-पा-व-ली-च्या हा-र्दि-क शु-भे-च्छा. मोजून अकरा!

दुसऱ्या दिवशी मी ती जादू मावशीलाच दाखविली. तीनदा वाटणे हा ह्या जादूतला रटाळ भाग. व्हिडिओतले शिक्षक तिथे भरभर वाटण्याचा सल्ला देतात. म्हणजे कंटाळवाणे गाणे दुप्पट लयीत म्हणावे तसे. मी उलट सावकाश वाटली आणि तिन्ही वाटण्यांना नावे दिली : ही धनत्रयोदशी, ही नरकचतुर्दशी, हे लक्ष्मीपूजन. दर खेपेला मावशीने त्या त्या दिवसाची तिच्या माहेरची एकेक आठवण सांगावयाची आणि मग रांगेवर बोट ठेवावयाचे. त्यामुळे त्या वाटण्याला काही काम मिळाले. मग पाने टाकताना अक्षरे मी म्हटलीच नाहीत. मावशीने म्हटली, आणि तिसऱ्या-चौथ्या अक्षरापासून सगळे घर म्हणू लागले. ‘च्छा’ला इस्पिकची राणी उलटली. मावशी काही क्षण तिच्याकडे पाहतच राहिली. मग तिने जो प्रश्न केला तो मी पाहिलेल्या एकाही शिक्षकाने स्वतःला विचारला नव्हता. ‘‘का रे, ‘हार्दिक’च्या जागी दुसरं काही म्हटलं असतं तर?’’

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर जादू का होते हे ठाऊक पाहिजे. ते कठीण नाही. प्रेक्षकाने पहिल्यांदा रांग सांगितली की एकवीसांतली चौदा पाने बाद होतात. उरलेली सात आठव्यापासून चौदाव्यापर्यंत बसतात. दुसऱ्या वाटणीत ती सात तीन रांगांत विखुरतात, म्हणून पुन्हा रांग कळली की फार तर तीन उरतात, दहावे, अकरावे आणि बारावे. तिसऱ्या वाटणीत ही तिघे शेजारी-शेजारी, तिन्ही रांगांच्या ऐन मध्यावर येतात. रांग कळली की एकच शिल्लक. बाकी सगळा देखावा. पण व्हिडिओत सांगतात ते एवढेच, की रांग नेहमी मध्ये घाला. का घालावयाची, दुसरीकडे घातली तर काय होईल, ह्याचा उच्चार नाही. ज्याला कारण कळत नाही त्याला अकराच्या खुंटीशी बांधून राहावे लागते. आणि मग अकरा अक्षरांचा तोच परका शब्द त्याच्या वाट्याला येतो. नक्कल केवळ आळसातून होत नसते, अर्धवट शिकविण्यातूनही होते, हे मला येथे मुद्दाम म्हणावयाचे आहे.

आता दुसऱ्या तऱ्हेचे व्हिडिओ पाहा. ह्यांत शिक्षकाला शिरच नसते! काळी मखमल, तीवर दोन गोरेगोमटे हात, आणि वरून कोठून तरी येणारा आवाज. इंग्रजीत ‘अँबिशस कार्ड’ म्हणतात ती जादू मी अशाच एका बिनमुंडक्याच्या गुरूकडून शिकलो. प्रेक्षकाने सही केलेले पान कॅटच्या मध्यभागी खुपसावे आणि ते पुन:पुन्हा सर्वांत वर यावे, अशी ती आहे. १९२२ साली शिकागोत डाय व्हर्नन ह्या तरुणाने हुडिनीसारख्याला हीच जादू दाखविली. आद्याक्षरे घातलेले पान पुन:पुन्हा वर आले आणि हुडिनीला काही उलगडले नाही. हिची युक्ती मी सांगणार नाही. ती घरोघरची नाही, आणि ज्याला हवी त्याने थोडे श्रम करून मिळवावी.

त्या गुरूचे हात फार सुंदर आहेत. लय अर्धी करून पाहण्याची सोय पडद्यावर असते, तिचा मी भरपूर उपयोग केला. (एक सूचना : समोरून घेतलेल्या व्हिडिओत त्यांचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. तो व्हिडिओ आरशात पाहून सराव केला की हा घोळ मिटतो.) पण अर्ध्या लयीत हालचाल कळते, हालचालीची वेळ कळत नाही. ती वेळ हातात नसून चेहऱ्यावर असते. २००६ साली गुस्ताव कून आणि मायकल लँड ह्या संशोधकांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा खरोखर वर फेकतो; तिसऱ्यांदा फेकल्याचा नुसता आविर्भाव करतो, चेंडू मुठीतच राहतो. तिसऱ्या वेळी तो स्वतः वर पाहत असेल तर सुमारे दोन तृतीयांश लोकांना चेंडू वर गेलेला ‘दिसतो’. तो हाताकडे पाहत राहिला तर हे प्रमाण एक तृतीयांशावर येते. हात दोन्ही वेळी तेच. मग ज्या व्हिडिओत मान वरच्या चौकटीने कापलेली आहे, तो अर्धी जादू शिकवितो असे म्हटले तर काय चुकले? शिवाय कॅमेरा कधी डोळे मिटत नाही, चहा आला म्हणून दाराकडे पाहत नाही. त्याला फसविण्यासाठी हे हात नको तितके राबतात. घरात बसलेली माणसे तशी एकटक पाहत नाहीत. त्यांच्याशी दोन शब्द बोलले, डोळ्यांत पाहिले, की तेवढ्या अवकाशात पान आपल्या मुक्कामी जाऊन पोहोचते. माझ्या घरी ती जादू रंगली ती चहाच्या कपांमुळे, असे मी प्रामाणिकपणे सांगतो.

तरीही ह्या मुंडकेहीन गुरूचा एक उपकार मानला पाहिजे. त्याने मला बोलणे दिले नाही. ते माझे मलाच रचावे लागले; आणि म्हणून ते मराठीत झाले.

पुस्तकावरून शिकणाऱ्यांना हे नेहमीच करावे लागे. १९०२ साली शिकागोत एर्डनेस ह्या टोपणनावाने निघालेले पत्त्यांवरचे पुस्तक घ्या. त्याचा कर्ता खरोखर कोण होता ह्यावर आजही वाद चालू आहे. त्यांत शंभरावर रेखाचित्रे आहेत. पण दोन चित्रांमधली हालचाल वाचकाला कल्पनेने भरावी लागते. १९४८च्या ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’मध्ये ह्यूगार्ड आणि ब्राउ ह्या जोडीने ती वाट थोडी सोपी केली. पाने पिसण्याच्या साध्या पद्धतीपासून आरंभ, आणि एक क्रिया शिकविली की लगेच तिच्यावर उभ्या असलेल्या जादू. म्हणजे विद्यार्थी नुसता व्याकरण घोकीत बसत नाही. पुस्तकाचा अभिमानी म्हणून मी व्हिडिओला नाके मुरडीत नाही. बोट नेमके कोठे टेकवावे हे तीन पाने वाचून कळत नाही ते तीन सेकंदांत दिसते, आणि हा लाभ लहान नव्हे. शिवाय व्हर्ननच ऐंशीच्या दशकात, स्वतःही ऐंशी ओलांडल्यावर, चाहत्यांच्या घोळक्यात बसून कॅमेऱ्यासमोर पुष्कळ बोलला. ते व्हिडिओ पाहण्यासारखे आहेत. म्हातारा एक जादू सांगता सांगता दुसऱ्याच माणसाच्या आठवणीत शिरतो, परत येतो, पान हातातच राहते. पाठ म्हणून विस्कळीत, पण जादू कोणत्या माणसांतून जन्मते ते त्यांत दिसते.

कारण सांगणाऱ्या व्हिडिओंत मला सर्वांत आवडला तो एका गणितज्ञाचा. मॅट पार्कर हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, वास्तव्य इंग्लंडात. ‘नंबरफाइल’ ह्या गणिताच्या मालिकेत त्यांनी आपल्या एकवीस पानांच्या जादूची थोरली बहीण दाखविली आहे. पाने सत्तावीस, रांगा तीन, वाटण्या तीनच. पण प्रेक्षकाने आवडता आकडा सांगावा आणि पान त्याच क्रमांकावर निघावे! ह्या सत्तावीस पानांचे गणित झेर्गोन ह्या फ्रेंच गणितज्ञाने १८१३-१४च्या सुमारास मांडले होते. प्रेक्षकाची रांग दर खेपेला वर, मध्ये की खाली घालावयाची, एवढ्यावर सगळे अवलंबून असते. पार्कर ते हसतखेळत आणि तीनाच्या पायावरच्या संख्यालेखनासह समजावून देतात. हातांची सफाई बेताचीच आहे. तिची उणीव मला तरी जाणवली नाही.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. ते मी भाच्याला सांगितले, आणि पुढल्या गणेशोत्सवासाठी आम्ही दोघांनी बसून बेत ठरविला. सत्तावीस पाने, नऊ-नऊच्या तीन रांगा. गोळा केलेला गठ्ठा पालथा धरला असता प्रेक्षकाची रांग पहिल्या खेपेस इतर दोहोंच्या खाली असावी, दुसऱ्या खेपेसही खाली, आणि तिसऱ्या खेपेस वर. मग पालथ्या गठ्ठ्यावरून एकेक पान टाकीत सर्वांनी मिळून म्हणावयाचे : ग-ण-प-ती बा-प्पा मो-र-या. नवव्या अक्षराला पान उलटे करावे.