कारकीर्द कोणाची?

‘रोलिंग स्टोन्स’ या इंग्रज रॉक बँडला 50 वर्षे झाली म्हणून 2012 साली ‘क्रॉसफायर हरिकेन’ हा माहितीपट निघाला. मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाच्या गाण्यावरून या गोऱ्या पोरांनी आपले नाव घेतले. पोलिसांचे छापे आणि खटले त्यांनाही चुकले नाहीत. पण त्यामुळे त्यांची कीर्ती वाढलीच. लोणावळ्यात एका मित्राकडे मी तो पाहिला, आणि आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुन्हा पाहणे भाग पडले.

हाही गाणाऱ्यांच्या दीर्घ वाटचालीचाच पट. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. तेथून पटवर्धन 14 वर्षे चित्रण करीत राहिले. 2011 साली पट पुरा झाला. (त्याच वर्षी ऑगस्टात आमच्या मावळात बऊरजवळ जलवाहिनीविरोधी आंदोलनात 3 शेतकरी पोलिसांच्या गोळीने मेले. इकडच्या प्रेक्षकाला गोळीबार समजावून सांगावा लागत नाही.)

घोगरे डाव्या चळवळीचे शाहीर. त्यांच्या संघटनेने त्यांना दूर केले होते. मरताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली. वर्ग की जात, यावर आपण नियतकालिकांची किती पाने खर्च केली! त्या पट्टीला उत्तर देणे मात्र अजून कोणाला जमलेले नाही. पटवर्धन हा प्रश्न टाळत नाहीत, हे त्यांचे मोठेपण.

पुढे पटात पुण्याचा कबीर कला मंच येतो, 2002 साली उभा राहिलेला. शीतल साठे यांचा आवाज ऐकू येतो आणि पट संपेपर्यंत मंच भूमिगत झालेला असतो. 2013 साली शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर हजर झाले; त्या तेव्हा गरोदर होत्या. माळी, सागर गोरखे, रमेश गायचोर यांना जामीन मिळायला 2017 उजाडले. 2020 साली एल्गार प्रकरणात गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना अटक झाली. यांच्या कारकिर्दीची वर्षे अशी तारखांवर मोजायची.

माझी तक्रार निराळी आहे. पटवर्धन गाणे साक्षीसारखे वापरतात. कडवे रंगात येते न येते तोच मुलाखत सुरू होते. माझे वडील गायन पार्टीत झील धरीत. देहूरोडला 1954 साली बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली, तिच्या वर्धापनदिनी, 25 डिसेंबरला, पार्टी रात्रभर गाई. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा पडे, आणि घरात आई त्याचा हिशेब करी. चाल कोणी बसवली, ढोलकी कोणाच्या पैशाने मढवली, गाडीभाडे कोणी सोसले, हे कॅमेऱ्याला फारसे दिसलेले नाही. पार्टीच्या मागच्या रांगेत बसून कोणीतरी ते चित्रण अजून करायचे आहे.