परक्याच्या अंगणातले हसू

दुसऱ्याच्या रूढीला हसणे असभ्य आहे काय, या प्रश्नाला आमच्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, हसण्यावर निर्बंध कसले? ज्याला झोंबेल त्याने कान झाकावेत. दुसरा म्हणतो, धर्म आणि परंपरा ही विनोदाची स्थानेच नव्हेत. हसणे ही सर्वत्र एकच क्रिया आहे असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात आणि तेथेच चुकतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले: स्मित व हसित हे उत्तम प्रकृतीचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. विपरीत वेष, विपरीत भाषण यांनी हसू उपजते हे शास्त्राला ठाऊक होते आणि त्याने ते नाकारले नाही. प्रत लावली ती हसणाऱ्याची.

मराठीत या प्रतवारीचा उत्तम दाखला पु. ल. देशपांडे यांच्या व्यक्तिचित्रांत सापडतो. ‘व्यक्ती आणि वल्ली’तील पेस्तनकाकांची पारशी मराठी आणि ‘गणगोत’मधील बेळगावच्या रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी, या दोन्ही ठिकाणी हशा उघडउघड परक्या बोलीवर उभारलेला आहे. लिंगवचनांची ओढाताण, तोंडी बसलेल्या शिव्या, सारे काही लेखकाने टिपले आहे. तरी या लेखनात तुच्छतेचा लवलेश आढळत नाही. याचे कारण, आमच्या मते, लेखकाच्या भाबडेपणात शोधू नये. ते रचनेत आहे. बोलीची गंमत हे या चित्रांचे दार आहे. त्या दारातून आत गेल्यावर रावसाहेबांचे संगीतावरचे आणि रंगभूमीवरचे वेड दिसते, दिलदारपणा दिसतो, आणि लेख संपताना हसणारा वाचक एक माणूस गमावल्याच्या दुःखाने गहिवरतो. ज्याचे व्याकरण मोडके त्याचे मन मोडके नसते, एवढे वाचकाला न सांगता पटते. सीमाभागात, जेथे भाषेच्या नावाने माणसे एकमेकांपासून दुरावली, तेथल्या वाचकाला या हास्याचे मोल अधिक कळावे.

आता आमच्या जत्रांतील हौशी नाटकांकडे पाहू. तेथे पुष्कळदा ख्रिस्ती, मारवाडी किंवा घाटावरचा माणूस रंगमंचावर येतो तो केवळ चुकीचे उच्चार करण्यासाठी. त्याचे दारही बोलीचेच असते, पण मागे घर नसते. हशा पिकतो, पात्र आत जाते, आणि त्या माणसाविषयी प्रेक्षकाला काडीइतके नवे कळलेले नसते. आमच्या गोमंतकीय मराठीच्या हेलाला पुण्यामुंबईकडे कोणी हसले की आम्हांला लागते. मग हे आपल्या मंडपात कसे खपते?

रूढींच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी. २४ जूनला सांजांवच्या सणात डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून ख्रिस्ती तरुण विहिरीत उड्या टाकतात. देवळाच्या पायरीवर बसून त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. पण मरिया भेटीस आली तेव्हा एलिझाबेथच्या उदरातील बाळाने आनंदाने उडी घेतली, ही त्या उडीमागची कथा आहे. आणि त्याच सणात नव्या जावयाचे कौतुक होते, हे ऐकून आपल्याकडील अधिक महिना कोणाला आठवणार नाही? त्याच पावसाळ्यात, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आपली माणसे अंगाला तेल चोपडून चिखलात लोळतात. कृष्णाच्या बाललीला ज्याला ठाऊक नाहीत त्याला तो केवळ चिखल दिसेल. विहीर आणि चिखल यांत हास्यास्पद कोणते, याचा निर्णय पाहणारा कोणत्या कुंपणाआड उभा आहे यावरच ठरणार असेल, तर तो निर्णय म्हणण्याच्या योग्यतेचा नव्हे.

कोणी म्हणेल, इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने तुळस लावणे आणि लग्नातील ओव्या गाणे हेदेखील गुन्हे ठरवले. त्यांच्या सणांची बूज आम्ही का राखावी? या आक्षेपातील वेदना खरी आहे, पण तिचा पत्ता चुकला आहे. त्या फर्मानाचा रोख मुख्यतः नवख्रिस्ती घरांवर होता. ज्यांच्या ओव्या तोडल्या गेल्या त्यांचेच वंशज आज विहिरीत उडी घेतात. त्यांना हसून त्या फर्मानाचा सूड कसा उगवणार?

मात्र या विवेचनावरून हसणाऱ्याला कोर्टात खेचावे असा अर्थ कोणी काढू नये. वकिली करणाऱ्या आम्हांला हा मोह रोज दिसतो. धर्मभावना दुखावण्याविषयीचे २९५-अ हे कलम दंडसंहितेत १९२७ साली आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली आहे. १९५७ साली रामजीलाल मोदी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले ते एवढ्याच आधारावर, की ते प्रत्येक अवमानाला लागू नसून जाणूनबुजून, द्वेषबुद्धीने केलेल्या अवमानापुरतेच आहे. असभ्यपणा आणि गुन्हा यांच्यामध्ये कायद्याने मोकळी जागा सोडली आहे. ती जागा भरणे हे टीकाकाराचे, नटाचे आणि प्रेक्षकाचे काम आहे.

आपल्या परंपरेला हसण्याचे वावडे कधीच नव्हते. दशावतारी काल्यात वेद पळवणारा संकासुर देवळाच्या आवारातच थट्टा करतो आणि भाविक पोट धरून हसतात. ज्या समाजाला स्वतःच्या देवासमोर इतके हसता येते त्याने शेजाऱ्याकडे पाहूनही हसावे. पण ज्याला हसतो त्याला पहिल्या रांगेत बसवून. त्याच्यासमोर जो विनोद उच्चारता येत नाही, तो त्याच्या पाठीमागेही आपल्या मंडपात होऊ देऊ नये. येत्या जत्रेसाठी नाटक निवडणाऱ्या मंडळींनी एवढे पाहिले तरी पुरे.