‘सर्वोच्च’ या विशेषणाचा अर्थ व प्रयोग

‘सर्वोच्च’ म्हणजे ‘सर्वांत उंच’, असा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. हा अर्थ व्युत्पत्तीला धरून असला, तरी प्रयोगाला पुरता धरून नाही. ‘सर्वोच्च’ हे विशेषण मुख्यतः उंचीचे नसून स्थानाचे आहे, हे ध्यानात न घेतल्यामुळे त्याच्या आजच्या वापरात शैथिल्य आलेले दिसते.

संस्कृत ‘उच्च’पासून आलेला तद्भव ‘उंच’ आणि तत्सम ‘उच्च’ हे दोन्ही शब्द मराठीत नांदतात. परंतु त्यांनी कामाची वाटणी करून घेतली आहे. झाड, भिंत, मनुष्य उंच. न्यायालय, शिक्षण, पद उच्च. पहिला शब्द प्रायः पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे माप सांगतो, दुसरा क्रमातील स्थान. गच्चीवर उभे असलेले मूल अंगणातल्या बापाहून उंच ठरत नाही. ते त्याच्या वर असते, इतकेच. भूगोलातही हा भेद आढळतो. हवाई बेटावरील मौना केआ पर्वत समुद्रतळावरील पायथ्यापासून मोजल्यास १०,००० मीटरांहून अधिक भरतो. तथापि त्याचा माथा समुद्रसपाटीपासून केवळ ४,२०७ मीटरांवर आहे. एव्हरेस्टचा माथा ८,८४८.८६ मीटरांवर असल्याने सर्वोच्च शिखराचा मान एव्हरेस्टकडेच राहतो.

आता शब्दाच्या घडणीकडे वळू. अतिशय दाखविण्यासाठी पाणिनीने ‘तम’ व ‘इष्ठ’ हे प्रत्यय सांगितले आहेत. मराठीला असा स्वतःचा प्रत्यय नाही. ती ‘सर्वांत’ या सप्तम्यंत रूपाने काम भागवते. ‘सर्वोच्च’ या समासात हीच रचना सामावलेली आहे. भारतीय संविधानाच्या हिंदी पाठात ‘उच्चतम न्यायालय’ अशी संज्ञा आहे, तर मराठीत ‘सर्वोच्च न्यायालय’ रूढ आहे. ‘तम’ प्रत्ययाने नुसता ‘अत्यंत’ एवढाही अर्थ निघू शकतो. ‘प्रियतम’ हा शब्द पाहावा. ‘सर्वोच्च’मध्ये मात्र ज्यांच्यात तुलना करावयाची तो समुदाय शब्दातच उभा असतो. या दृष्टीने मराठी संज्ञा अधिक नेमकी म्हणावी लागते.

समुदाय निश्चित असला म्हणजे ‘सर्वोच्च’ अनेक असूनही विरोध येत नाही. भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान. परमवीर चक्र हा युद्धकालीन शौर्याचा सर्वोच्च सन्मान. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हेही सर्वोच्चच, परंतु महाराष्ट्रातील. ‘नागरी’, ‘युद्धकालीन’, ‘महाराष्ट्रातील’ ही पदे अलंकारासाठी आलेली नाहीत. ती ‘सर्व’ या पदाची मर्यादा आखतात.

यावरून आजच्या काही प्रयोगांतील दोष स्पष्ट होतात. ‘सर्वांत सर्वोच्च’ यात ‘सर्व’ दोनदा आला आहे. ‘सर्वोच्च नेत्यांपैकी एक’ ही इंग्रजी वळणाची रचना होय. एकाच स्थानावर अनेकांना बसवून ती ते स्थानच नाहीसे करते. तेथे ‘अग्रगण्य’ हा शब्द उपलब्ध आहे. ‘सर्वोच्च आनंद’ यात तुलनेचा समुदायच नाही. भावनेची तीव्रता सांगण्यास मराठीला शब्दांची वाण नाही. आनंद पराकोटीचा असतो. उत्साह शिगेला पोहोचतो, आणि ही शीग धान्याच्या मापावर चढणाऱ्या राशीची आहे.

भाषा बदलते, तेव्हा या शैथिल्याची खंत कशाला, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. ‘श्रेष्ठ’ व ‘ज्येष्ठ’ ही मुळात ‘इष्ठ’प्रत्ययान्त रूपे; मराठीत ती साधी विशेषणे झाली आणि ‘सर्वश्रेष्ठ’ घडवावा लागला. ‘सर्वोच्च’चीही तीच गत होणे अशक्य नाही. परंतु ‘श्रेष्ठ’ झिजला तेव्हा कोणाच्या अधिकाराची सीमा त्यावर अवलंबून नव्हती. ‘उच्च’ व ‘सर्वोच्च’ यांच्यातील अंतरावर आज न्यायव्यवस्थेतील दोन पायऱ्यांची नावे उभी आहेत. उच्च न्यायालयाच्या निर्णयावर वर दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या वर न्यायालय नाही. सामान्य पक्षकाराला हा भेद प्रथम कळतो तो शब्दावरूनच. म्हणून हे विशेषण योजण्यापूर्वी ‘कोणत्या सर्वांत?’ हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर वाक्यात किंवा संदर्भात सापडत नसेल, तर दुसरा शब्द शोधणे इष्ट.